स्वस्तातला मिडफिल्डर शोधताना : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

प्रश्न असा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, म्हणजे मेलबर्नमध्ये सगळे ज्याला नुसतं ‘फुटी’ म्हणतात त्या खेळात, कुवतीपेक्षा कमी भाव लागलेले मिडफिल्डर आकडेवारीवरून हुडकता येतील का? फॉरवर्ड आणि बचावपटू सध्या बाजूला. मधली फळी घेतली कारण सगळ्यात जास्त आकडे याच लोकांच्या नावावर जमा होतात. वरवर पाहता काम सोपं असायला हवं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. दोन्ही संघांचे अठरा-अठरा जण मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू पार केला की गोल, ६ गुण. कडेच्या फटीतून गेला की ‘बिहाइंड’, १ गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही. साथीदाराला द्यायचा तर लाथ मारा किंवा एका तळव्यावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा द्या. त्याला हँडबॉल म्हणतात. लाथ आणि हँडबॉल मिळून जी बेरीज होते ती डिस्पोजल. प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मधोमध परत येतो. पंच तो उंच उडवतो (या फेरसुरुवातीला ‘बाउन्स’ म्हणतात), दोन उंच रकमन त्यावर झेपावतात आणि खाली दोन्ही संघांचे तीन-तीन मिडफिल्डर टपलेले असतात. त्या वेळी मधल्या चौकोनात एका संघाचे चारच जण उभे राहू शकतात. ते चार कोण, हे प्रशिक्षक ठरवतो.

माहितीसाठी ‘आर’ भाषेतलं फिट्झरॉय हे पॅकेज वापरतोय. नाव एका जुन्या क्लबावरून. १९९६च्या हंगामानंतर फिट्झरॉय क्लब ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन झाला आणि आजचा ब्रिस्बेन लायन्स उभा राहिला. एएफएल टेबल्स, फुटीवायर, स्क्विगल ही संकेतस्थळं आणि लीगची (एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) स्वतःची आकडेवारी, चारही ठिकाणांहून माहिती या एकाच पॅकेजातून ओढता येते. एएफएल टेबल्सवर १८९७पासूनचे सामने आहेत. मोह होतो, पण माझ्या कामाची सविस्तर आकडेवारी अलीकडच्या वर्षांचीच आहे. आज २०१२पासूनचं सगळं ओढून ठेवलं. खेळाडू-सामना अशी एक ओळ.

२२ जून

सफाईचा दिवस. चार ठिकाणची माहिती नावावरून जोडायची म्हटलं की पहिला अडथळा जॉश केनेडी. एक सिडनीचा मिडफिल्डर, दुसरा वेस्ट कोस्टचा फॉरवर्ड, २०१५ आणि २०१६ सालचा सर्वाधिक गोल करणारा. दोघंही एकाच काळात खेळले. टॉम लिंच दोन. बेली विल्यम्स दोन, आणि तेही आजही खेळतात. नावावर अजिबात विसंबायचं नाही. जन्मतारीख आणि लीगचा खेळाडू क्रमांक, या दोन्हींवरच जोड.

मजा म्हणजे सिडनीचा केनेडी हाच माझ्या विषयाचा नमुना आहे. आजोबा आणि वडील हॉथोर्नचे नावाजलेले खेळाडू, पण हॉथोर्नच्या त्या वेळच्या मधल्या फळीत त्याला जागा नव्हती. जेमतेम डझनभर सामने खेळून २००९च्या अखेरीला तो किरकोळ मोबदल्यात सिडनीला गेला. तिथे २०१२चं अजिंक्यपद मिळालं, तेही हॉथोर्नला हरवून, आणि पुढे कर्णधारपद. माझी माहिती २०१२पासूनची असल्यामुळे त्याचे हॉथोर्नचे सामने मॉडेलला दिसणारच नाहीत. असो.

२०२० सालाचं वेगळं बघावं लागलं. करोनाच्या त्या हंगामात प्रत्येक क्वार्टर २० ऐवजी १६ मिनिटांचा होता आणि साखळी सामने २२ ऐवजी १७. त्या वर्षीचे आकडे जसेच्या तसे घेतले तर अख्खी लीग एका वर्षासाठी मंदावल्यासारखी दिसते. म्हणून सगळं काही मैदानावर घालवलेल्या वेळाच्या हिशेबात बदललं. बदली खेळाडूंच्या फेऱ्यांवरची मर्यादाही हलत आली आहे: २०१४ला सामन्यामागे १२०, २०१६पासून ९०, २०२१पासून ७५. मिडफिल्डर हा सतत आत-बाहेर करणारा प्राणी. मर्यादा उतरत गेली तशी दमसासाची किंमत चढत गेली. म्हणून हंगाम हा स्वतंत्र घटक मॉडेलमध्ये टाकला.

६ जुलै

चांगला मिडफिल्डर कोण, हे मॉडेलला कुठल्या मापानं शिकवायचं?

डिस्पोजल मोजणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. एका सामन्यातला विक्रम टॉम मिचेलचा, २०१८च्या पहिल्या फेरीत ५४. त्याच वर्षी त्याला ब्राउनलो पदकही, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळालं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायची सोय नाही. पण आकडा म्हणून डिस्पोजल फक्त इतकंच सांगतो की चेंडू हातातून गेला. कुठे गेला, ते नाही. फँटसीचे गुणही तसेच: लाथेला ३, हँडबॉलला २, झेलाला ३, टॅकलला ४. मागच्या भागात आपापसात चेंडू खेळवत बसलं तरी गुण पडत राहतात. ब्राउनलो पदकाची मतं पंच देतात, प्रत्येक सामन्याला ३-२-१, आणि ती बहुतांशी जिंकलेल्या संघाच्या मिडफिल्डरकडे वळतात. ते मत आहे, माप नव्हे.

अचूकतेची टक्केवारीही जपून. आकडेवारी ठेवणाऱ्या चॅम्पियन डेटा या कंपनीच्या व्याख्येनुसार ४० मीटरपेक्षा लांब मारलेली लाथ समसमान झटापटीत पडली तरी ‘परिणामकारक’ धरतात. आखूड लाथ मात्र साथीदाराच्या हातातच पडायला हवी. म्हणजे लांब भिरकावणाऱ्याला सवलत.

शेवटी रेटिंग पॉइंट्सवर स्थिरावलो. चॅम्पियन डेटाची ही पद्धत स्विनबर्न विद्यापीठात कार्ल जॅक्सन यांनी केलेल्या पीएच.डी.च्या कामातून आली. कल्पना छान आहे. चेंडू मैदानात कुठे आहे, किती दबावाखाली आहे, यावरून पुढचा गोल कोणाचा होईल याची अपेक्षा काढायची. खेळाडूच्या कृतीनं ती अपेक्षा जितकी हलली तितकं त्याच्या खात्यात. गर्दीतून चेंडू उपसून काढणाऱ्याला यात न्याय मिळतो. दोष इतकाच की चेंडूला हात न लावता फक्त जागा अडवून धरणारा यात दिसत नाही. तो कुठल्याच मापात दिसत नाही.

२० जुलै

आज प्रकल्पाची दिशाच बदलली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं मॉडेल साधं होतं: वय, मैदानावरचा वेळ, क्लिअरन्स, झुंजून मिळवलेले चेंडू, टॅकल, पुढे नेलेलं अंतर, त्यावरून पुढच्या हंगामाचं रेटिंग. यादी आली आणि वर सगळे ओळखीचे चेहरे. क्रिप्स, बोन्टेम्पेली, नील, पेट्राका. हे सांगायला मॉडेल कशाला, ट्रॅममधला कोणीही सांगेल.

मग लीगच्या विस्तारित आकड्यांतला एक रकाना उघडला: मधल्या बाउन्सला किती वेळा हजर होता. तो घातल्याबरोबर बाकीच्या अर्ध्या आकड्यांची रया गेली. क्लिअरन्स म्हणजे झटापटीतून चेंडू बाहेर काढणं. जो चौकोनात उभाच नाही तो काय बाहेर काढणार? संघाच्या दहातल्या आठ बाउन्सला हजर असणाऱ्याचे आकडे फुगणारच. म्हणजे इतके दिवस मी कुवत मोजत नव्हतो, प्रशिक्षकाची निवड मोजत होतो. आणि बाजारही नेमकं तेच मोजतो, भाव त्यावरच ठरतो.

अमोल मुझुमदार आठवले. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि कसोटी एकही नाही, कारण त्या काळात भारताच्या मधल्या फळीत शिरायला फटच नव्हती. फुटीत अशा माणसाला दुसरा क्लब उचलू शकतो. अठरा क्लब आहेत, आणि प्रत्येकाच्या चौकोनात जागा तीनच.

म्हणून स्वस्ताची व्याख्या बदलली. आता दोन मॉडेलं. पहिलं संधीचं: या खेळाडूला किती बाउन्स, किती वेळ, कोणत्या भागात मिळाला. दुसरं दराचं: मिळालेल्या प्रत्येक संधीमागे त्यानं काय केलं. दर वरचा आणि संधी खालची, असा जो कोपरा आहे तिथे शोधायचं.

धोका उघड आहे. ज्याला संधी कमी त्याचा नमुना लहान, आणि लहान नमुन्यात कोणीही चमकतो. एका सामन्यात चार बाउन्सला उभा राहिला आणि दोनदा चेंडू काढला, तर दर आभाळाला भिडतो. म्हणून प्रत्येकाचा दर लीगच्या सरासरीकडे ओढून घेतला. जितका नमुना लहान तितकी ओढ जास्त. सुरुवातीला ओढ सौम्य ठेवली तर यादीत नुसते नवखे भरले. घट्ट केली तर पुन्हा क्रिप्स. यातला मधला बिंदू गणित सांगतं खरं, पण तो पटतो का हे सामने बघूनच ठरवावं लागतं.

२८ जुलै

छोटी भर. मिडफिल्डरचा दर रकमनवर लोंबकळतो. मॅक्स गॉनसारखा रकमन वरून चेंडू थेट हातात घालणार असेल तर मेलबर्नच्या मिडफिल्डरांचा दर फुगतो, यात त्यांचा दोष नाही आणि श्रेयही पूर्ण नाही. संघ-हंगाम हा घटक आणि रकमनच्या ‘फायदेशीर हिटआउट’चं प्रमाण, दोन्ही घातलं.

मैदानंही सारखी नसतात. या खेळात मैदानाला ठरलेलं माप नाही. जिलाँगचं कार्डिनिया पार्क लांबट आणि अरुंद, एमसीजी ऐसपैस, मार्व्हल स्टेडियमवर छप्पर, त्यामुळे तिथे पाऊसच नाही. पावसात झेल सुटतात, चेंडू जमिनीवर राहतो, झुंजीचे आकडे वाढतात. पुढे नेलेल्या अंतराचा आकडा मैदान न बघता वाचू नये.

१० ऑगस्ट

आता भाव. इथे एएफएल भारतीयांना विचित्र वाटेल. आयपीएलमध्ये लिलाव होतो, आकडा फलकावर झळकतो, शेजारच्या काकूंनाही पाठ असतो. इथे एकेका खेळाडूचं मानधन लीग जाहीर करतच नाही. वर्तमानपत्रांत येतात ते अंदाज. १९८७पासून पगारांवर एकूण मर्यादा आहे, पण कोणाच्या ताटात किती हे क्लब आणि एजंट जाणोत.

दुसरी मापं शोधली. मसुदा म्हणजे ड्राफ्ट, क्लबांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायची पद्धत. त्यातल्या निवडींना गुण असतात. २०२४च्या सारणीत पहिल्या निवडीला ३०००, दुसरीला २५१७, तिसरीला २२३४, आणि असे ते उतरत जातात. खरं तर ही गुणसारणी माजी खेळाडूंच्या मुलांसाठी आणि अकादमीतल्या मुलांसाठी बोली जुळवायला बनवली, पण सगळे तिचा चलनासारखा वापर करतात. मग एखाद्या अदलाबदलीत कोणत्या निवडी गेल्या आणि आल्या, त्यांच्या गुणांतला फरक म्हणजे त्या खेळाडूचा भाव, असं धरायचं. कागदावर नीटस दिसतं. प्रत्यक्षात करार संपलेला खेळाडू हवा त्या क्लबचं नाव घेऊन बसतो आणि भाव पडतो. कधी भारी पगाराचा बोजा उतरवायला क्लब खेळाडूसोबत वर निवडही देऊन टाकतो. मग भाव उणे. मुक्त खेळाडू (बरीच वर्षं खेळून कराराअखेर अदलाबदलीविना क्लब बदलू शकणारा) गेला तर मोबदला समोरचा क्लब देत नाही, लीग एक भरपाईची निवड देते. तिचं सूत्र लीग उघड करत नाही, पण त्यात वय आणि नव्या कराराची रक्कम धरलेली असते. म्हणजे भरपाईची निवड जितकी वरची तितका करार मोठा. आडवाटेनं पगाराचा सुगावा लागतो. हे माप मला सगळ्यात आवडलं, पण अशी उदाहरणं फार थोडी.

भावाचं मॉडेल बनवायचं सोडून दिलं. त्याऐवजी तीन ढोबळ खुणा: करार संपत आलाय का, राखीव संघात किती खेळवलं, बाउन्सची हजेरी गेल्या दोन हंगामांत घसरली का.

२४ ऑगस्ट

साखळी फेऱ्या संपत आल्या. ऑफिसात वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबाचा एक पक्का चाहता आहे. त्याला यादी दाखवली, तर त्यानं एकच प्रश्न विचारला: यात तुला डॉसन सापडला असता का?

नसता. जॉर्डन डॉसन, २०१५च्या मसुद्यात ५६वी निवड, सिडनीकडून हाफ-बॅक (बचावफळीत) आणि विंगवर (मैदानाच्या कडेला) खेळायचा. २०२१च्या शेवटी अ‍ॅडलेडला गेला, २०२३ला कर्णधार झाला आणि मधल्या चौकोनात उतरला. सिडनीत असताना बाउन्सला तो जवळपास उभाच राहत नव्हता. दर काढायला छेदच शून्य. माझं मॉडेल ‘संधी कमी’ ओळखतं, ‘संधी दिलीच नाही’ हे ओळखत नाही. आणि खरी स्वस्ताई बहुधा तिथेच आहे. बुलडॉग्जचा एड रिचर्ड्सही याच वाटेनं आला, हाफ-बॅकवरून यंदा मध्ये.

यावर एक वेगळी वाट करून बघतोय. जागा बदलली तरी सोबत जाणारे गुण कोणते? जे खेळाडू मागून मध्ये आले त्यांचे आधीचे आणि नंतरचे हंगाम शेजारी ठेवले. जमिनीवरचा चेंडू उचलणं टिकतं. दबाव टाकण्याच्या कृती टिकतात. लाथेचा पल्ला टिकतो. अडवून घेतलेले झेल आणि एकूण डिस्पोजल मात्र जागेचेच असतात, माणसाचे नव्हेत; ते मागेच राहतात. उदाहरणं मोजकीच आहेत, आणि जागा बदलून फसलेले लगेच परत मागे जातात किंवा संघाबाहेर, त्यामुळे माहितीत यशस्वी लोकच जास्त उरतात. तरी ही यादी पहिलीपेक्षा वाचनीय आहे. तिच्यात आश्चर्यं आहेत.

७ सप्टेंबर

राज्य लीग. टिम केली २०१७च्या मसुद्यात २४वा गेला, वय तेव्हा २३. त्याआधी तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये, वाफलमध्ये, साउथ फ्रीमँटलकडून खेळत होता. दोनच वर्षांत जिलाँगकडून ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात. मॅट प्रिडिसला वेस्ट कोस्टनं मुख्य यादीबाहेरच्या रूकी यादीतून घेतलं, २०१४ला ब्राउनलो. जाय न्यूकम २०२१च्या हंगाममध्यातल्या मसुद्यात हॉथोर्नला मिळाला आणि पहिल्याच सामन्यात त्यानं १४ टॅकल केले. असे लोक वाफल, सॅनफल (दक्षिण ऑस्ट्रेलियाची लीग) आणि व्हीएफएलमध्ये (व्हिक्टोरियाची) अजूनही असणार.

अडचण भाषांतराची: व्हीएफएलमधले तीस डिस्पोजल एएफएलमध्ये किती? एकाच हंगामात दोन्हीकडे खेळलेल्यांवरून विनिमय दर काढता येतो. पण वरच्या संघात बोलावणं कधी येतं? खालच्या संघात तो तुफान खेळत असतो तेव्हाच. त्यामुळे त्याचे खालचे आकडे नेमके शिखरावरचे मिळतात आणि वर गेल्यावरची घसरण आहे त्यापेक्षा मोठी दिसते. शिवाय २०२१ला निफल ही ईशान्येकडची लीग व्हीएफएलमध्ये विलीन झाली, तेव्हापासून त्या लीगची पातळीही बदलली.

विल ब्रॉडीचं प्रकरण इथे उपयोगी. २०१६ला नववी निवड, गोल्ड कोस्टकडे पाच वर्षांत पंचवीसेक सामने, बाकी वेळ राखीव संघात चेंडूंचा ढीग उपसत. २०२१च्या शेवटी फ्रीमँटलनं घेतला आणि २०२२ भर तो मधल्या फळीत खेळला, उत्तम खेळला. संधी-दराच्या माझ्या सिद्धान्ताचं पोस्टर लावावं असं हे उदाहरण. पण २०२३ला त्याची जागा गेली. चेंडू मिळवणं एक, आणि तो समोरच्याकडे गेल्यावर मागे पळत येणं दुसरं. दुसऱ्याचा माझ्याकडे आकडाच नाही. क्लबांकडे जीपीएसची माहिती असते. बाहेरच्याकडे नाही, आणि त्यामुळे बाहेरचं मॉडेल गर्दीतून चेंडू उपसणाऱ्या माणसाला कायम थोडा जास्त भाव देणार. यादीतल्या अशा नावांपुढे एक फुली मारून ठेवली.

२४ सप्टेंबर

काल रात्री पॅट्रिक क्रिप्सला ब्राउनलो, ४५ मतांसह, विक्रम. निक डेकॉस ३८. पंचांच्या मतांना मॉडेलबाहेर ठेवलं ते बरंच झालं, नाहीतर या वर्षीचे आकडे सगळ्या प्रमाणाला हिसका देऊन गेले असते.

१६ ऑक्टोबर

आज संध्याकाळी अदलाबदलीची मुदत संपली. मिडफिल्डरपुरतं माझ्या कामाचं:

जॅक मॅक्रे, बुलडॉग्जकडून सेंट किल्डा. २०१६च्या अजिंक्य संघातला, आणि २०२१ला एका हंगामातल्या डिस्पोजलचा विक्रम करणारा. यंदा काही आठवडे तो व्हीएफएलमध्ये खेळला. गेला तो मामुली मोबदल्यात. बाउन्सची हजेरी घसरलेल्यांच्या माझ्या यादीत तो ठळक आहे, पण वय तिशीत. मिडफिल्डरच्या वयाचा वक्र तिशीनंतर सपाट दिसतो, ते फसवं आहे. जे थकले ते आधीच गळाले, उरलेल्यांचीच सरासरी निघते. म्हणून त्याच्यापुढे ‘स्वस्त, पण दोन वर्षांसाठी’ असं लिहिलं. ऑफिसातला मित्र आज बोलायच्या मनःस्थितीत नव्हता.

मॅट केनेडी, कार्ल्टनकडून बुलडॉग्ज. यादीत होता. मोठ्या नावांच्या सावलीत राहिलेला, जमिनीवरचा चेंडू उचलण्यात पक्का.

बेली स्मिथ, बुलडॉग्जकडून जिलाँग. गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२४ पूर्ण बाहेर. मॉडेलपुढे अख्खं वर्ष कोरं, त्यामुळे ओढ त्याला सरासरीकडे घेऊन जाते आणि तो यादीत कुठेतरी मधोमध लटकतो. त्याचा गुडघा पाहिलेल्या डॉक्टरांना जे माहीत असेल ते माझ्याकडे असणं शक्य नाही. आधीच्या हंगामांतले त्याचे धावण्याचे आणि अंतराचे आकडे पाहता मी स्वतः त्याला वर ठेवला असता. तसं मॉडेलबाहेर, वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतो.

२८ सप्टेंबर २०२५

वर्षभरानं फाइल उघडली. काल एमसीजीवर ब्रिस्बेननं जिलाँगला हरवलं, सलग दुसरं अजिंक्यपद.

बेली स्मिथ ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, आणि सामन्यामागे तिसाच्या वर डिस्पोजल. जिलाँगनं त्याला मधल्या फळीत मोकळं सोडलं. वेगळा रकाना मॉडेलपेक्षा बरा निघाला, पण एका नावावरून रकान्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. केनेडी बुलडॉग्जच्या मधल्या फळीत रुजला. ब्राउनलो गोल्ड कोस्टच्या मॅट रोवेलला. २०१९च्या मसुद्यातली पहिली निवड, स्वस्ताचा प्रश्नच नव्हता. अंतिम सामन्यात ब्रिस्बेनचा राखीव खेळाडू म्हणून दुखापतीतून परतलेला लॅकी नील उतरला. दोन ब्राउनलो पदकं मिळवलेला हा माणूस २०११च्या मसुद्यात ५८वा गेला होता.

फुली मारलेल्या नावांचा हिशेब अजून करायचा आहे. मागे पळण्याची माहिती मिळणार नाही हे धरून, निदान समोरच्या संघानं मधल्या बाउन्समधून केलेले गोल आणि त्या वेळी चौकोनात कोण होतं, हे जोडून बघतो. सामन्याची सलग नोंद असेल तर जमेल. सध्या माझ्याकडे सामन्याअखेरची बेरीजच आहे, त्यामुळे आधी ती नोंद कुठून ओढायची ते शोधणं. हंगाम मार्चला सुरू होईल, तोवर वेळ आहे.